विकायच्या घराचा रंग

थोरल्या सुनेचं वागणं काही सरळ नव्हतं. भिंतीतला नळ फुटला, ओल चढली, सगळ्या घराचा गिलावा सोलून काढावा लागला. यात कुणाचा दोष नव्हता. पण त्यानंतरच्या पाच महिन्यांत या बाईने एकेक करून जे घराबाहेर काढलं, ते काही नळाने सांगितलं नव्हतं. आधी दिवाणखान्यातला गालिचा गेला. मग आरशाचं कपाट गेलं. मग जिन्याच्या पायऱ्यांवर दोन्ही बाजूंनी मांडलेल्या कुंड्या गेल्या. विचारायला जावं तर पोस्टाच्या खिडकीत बसून शिकलेलं एकच उत्तर: "बघू या, आई." वीस वर्षं रांगेतल्या लोकांच्या शिव्या खाऊन त्या बाईचं तोंड असं घट्ट झालं होतं की टाचणी रुतू नये.

तिच्या सासूचं, मास्तरीणबाईंचं तोंड मात्र तसं कधीच नव्हतं. शाळेत त्या दुसरीपर्यंतच गेलेल्या. पण शिवणकामात कापणाऱ्याला मास्तर म्हणतात, आणि चाळीस वर्षं निम्म्या गल्लीचं कापड त्यांच्या कात्रीखालून गेलेलं. त्यामुळे नवरा गेला, मशीनवर झाकण पडलं, तरी नाव राहिलं. त्यांना अक्षर जेमतेम लागायचं. पण समोरच्या माणसाने कुठे दोन बोटं कापड मारलंय, हे त्यांना लांबून दिसायचं.

आणि इथे कुणीतरी कापड मारत होतं.

संशयाला आकार आला तो थोरल्या लेकामुळे. थोरल्याचं बाजाराच्या तोंडाशी रंगाचं दुकान. गल्ल्यावर बसून तो गिऱ्हाइकांना एक वाक्य नेहमी ऐकवायचा: विकायच्या घराला पांढरा, राहायच्या घराला रंग. म्हणजे बघायला येणाऱ्याला घर मोठं दिसतं, डाग दिसत नाहीत, आणि आधीच्या माणसांची खूण राहत नाही. हे वाक्य मास्तरीणबाईंनी शंभरदा ऐकलेलं. आणि गेल्या आठवड्यात सुनेने सांगितलं की सगळ्या घराला पांढरा द्यायचा.

सगळ्या घराला. पांढरा.

मास्तरीणबाईंनी तुकड्याला तुकडा लावून पाहिला. गालिचा, कपाट, कुंड्या, भिंतीवरून उतरवून खोक्यात बांधलेले फोटो. शिवण नीट बसत होती. ही दोघं घर विकायला काढतायत. आणि आपल्याला? आपल्याला कुठे टाकणार? लेकीच्या पार्लरच्या माळ्यावर, शांपूच्या खोक्यांमध्ये?

म्हणून रविवारी दुपारी, इंटिरियरवाली मुलगी नमुने घेऊन येणार होती तेव्हा, त्यांनी लेकीला फोन करून बोलावून घेतलं. लेक चव्वेचाळीस वर्षांची, तरी बेबीच. दोन गल्ल्या पलीकडे राहायची, पार्लर चालवायची, आणि आईच्या बाजूने भांडायला वेळ काढून यायची. वहिनीशी तिचं कधी फारसं जमलेलं नव्हतं, आणि आज मास्तरीणबाईंना त्याच गोष्टीची गरज होती.

सोललेल्या दिवाणखान्यात चादर टाकलेला जुना कोच तेवढा उरला होता. त्यावर मायलेकी बसल्या. थोरला खिडकीशी खुर्चीवर, सून त्याच्या शेजारी स्टुलावर. इंटिरियरवालीने रंगाचे दोन रिकामे डबे उपडे घातले आणि त्यांवर दोन मोठे पुठ्ठे ठेवले. लाकडाचे, कापडाचे, लाद्यांचे नमुने त्यांवर चिकटवलेले.

"आज एक नक्की करू या, आजी. उद्या सुतार येतायत."

"आजी कुणाची?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "तुझं लग्नाचं ब्लाउज अजून एका बसणीत कापून देईन मी. बोल पुढे."

मुलगी ओशाळली आणि बोलायला लागली. "हा पहिला ट्रॅडिशनल. विटकरी भिंत, सागवानी लाकूड, पितळी कड्या, फुलाफुलांचे जड पडदे. आणि हा दुसरा, ताईंनी सांगितलेला. मिनिमल."

"म्हणजे काय?"

"कमीत कमी सामान. मोकळं मोकळं."

"ते आमचं करून झालंय. लग्न झालं तेव्हा घरात एक स्टोव्ह आणि दोन ताटं होती. त्या वेळी त्याला गरिबी म्हणायचे."

"गोदामच दिसतंय हे," म्हणत बेबी खुदकन हसली. थोरलाही हसला. सून हसली नाही. तिने दुसरा पुठ्ठा जरा पुढे सरकवला.

मास्तरीणबाईंनी तो मांडीवर ओढून घेतला आणि बोट फिरवत, कापडावरचा खाका वाचावा तसा वाचला. भिंती पांढऱ्या. दाराच्या चौकटी काळ्या. भिंतीच्या पायथ्याने सगळीकडून काळी रेघ. दिव्याच्या बटणांभोवती काळी चौकट. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला दोन बोटं रुंद काळी पट्टी. जमिनीवर काहीही नाही. टेबलाचे कोपरे कुरतडल्यासारखे गोल.

"हे घर आहे का कुणी गेल्याची छापील बातमी?" त्यांनी विचारलं. "चहूकडून काळी रेघ. मध्ये माझा फोटो लावा, काम पुरं होईल."

"आई!" सून म्हणाली.

"आणि खिडक्यांना काय?"

"ब्लाइंड्स," मुलगी म्हणाली. "आडव्या पट्ट्या. हवा तेवढा उजेड घेता येतो."

इथे मात्र मास्तरीणबाईंचं पुठ्ठ्यावरचं बोट थांबलं. चाळीस वर्षं त्यांनी गल्लीभर पडदे शिवले होते. गिरणीतून थेट आणलेलं कापड, अस्तर, चुण्या. विटकरी भिंतीवर मोतिया पडदे कसे पडतील हे त्यांनी मनात महिनाभर शिवून ठेवलेलं. पिशवीत कापडाचे तुकडेही आणले होते. आणि त्यांच्याच घराच्या खिडक्यांना पट्ट्या.

"तू का गप्प?" त्या लेकाकडे वळल्या. "तुझ्या दुकानात पांढऱ्याचे अकरा डबे आहेत. एका बाईला शंखाचा पांढरा आणि शिंपल्याचा पांढरा यांतला फरक तू अर्धा तास सांगत होतास, मी जेवणाचा डबा धरून तिथे उभी होते. आज तुझ्याच घराचा रंग ठरतोय आणि तुझ्या तोंडाला कुलूप?"

"तुम्ही ठरवा, आई. मला काहीही चालेल."

"तुला काहीही चालेल?"

"हो."

ज्या माणसाने बहिणीच्या लग्नात मांडवाच्या कापडाचा गुलाबी बरोबर नाही म्हणून मांडववाल्याला परत पाठवलं होतं, त्याला काहीही चालणार होतं. आणि हे सांगताना तो आईच्या तोंडाकडे बघत नव्हता. तिच्या डाव्या कानाकडे बघत होता. गेले कित्येक महिने त्याचं हेच चाललं होतं. समोर बसायचा, गोड बोलायचा, आणि नजर बाजूला.

मास्तरीणबाईंनी पुठ्ठा खाली ठेवला.

"सरळ सांगा. घर विकताय का?"

"काहीतरीच काय, आई!" थोरला दचकून म्हणाला.

"नाही म्हण."

"नाही. नाही विकत."

"माझ्याकडे बघून म्हण."

त्याने मान वळवली, चेहरा आईच्या समोर आणला, आणि तिच्या कानाकडे बघत म्हणाला, "घर विकत नाही आहोत, आई."

सुनेने पदराच्या टोकाला पीळ घातला. इंटिरियरवाली आपल्या टेपशी खेळायला लागली. बास. मास्तरीणबाईंना आणखी पुरावा नको होता.

बेबी उठली. "वहिनी, जरा आत ये बघू."

त्या दोघी स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लागलं. मास्तरीणबाई कोचावर टेकून बसल्या. लेकीची जीभ त्यांनीच घडवलेली. आधी आतून बेबीचा आवाज आला, चढा: "...आईला काय वाटत असेल, याचा विचार..." मग सुनेचा, इतका खालचा की शब्द कळेना. मग पुन्हा बेबी, पण एकच शब्द. मग काहीच नाही. भांडंसुद्धा वाजेना.

"बराच वेळ झाला," थोरला म्हणाला.

"चिंता करू नकोस, खाणार नाही तिला."

दार उघडलं. बेबी पुढे आली ती आईशेजारी बसली नाही. ती वहिनीच्या स्टुलाशी उभी राहिली आणि नाक पुसत म्हणाली, "आई, मला वाटतं पांढरंच करावं. उजेड छान येईल."

मास्तरीणबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "काय पाजलंन तुला तिने?"

"काही नाही गं."

"मघाशी तुझ्या मते हे गोदाम दिसत होतं."

"मघाशी मी नीट बघितलं नव्हतं." आणि बेबीने, जिने सख्ख्या आईपुढे कधी डोळे खाली केले नव्हते, ते खाली केले.

म्हणजे हीही तिकडे गेली. लेकसुद्धा. घरात तीन माणसं होती ती तिन्ही एका ओळीत, आणि समोर आपण एकट्या, चादर टाकलेल्या कोचावर. मास्तरीणबाईंना ओरडावंसं वाटलं. पण आवाज चढवला की बाजू पडते, हे त्यांना गिऱ्हाइकांनी शिकवलं होतं. त्यांनी पिशवीत हात घातला.

निदान लेकाचं कुठवर गेलंय ते तरी कळू दे. बायकोच्या शब्दाला तो मान हलवतोय की स्वतःची अक्कलच गहाण टाकलीय?

त्यांनी पिशवीतून पिस्ता रंगाचा तुकडा काढला. कोवळा, पण स्वच्छ हिरवा. लहान मूलही ओळखेल असा. तो थोरल्याच्या हातात दिला आणि सहज म्हणाल्या, "पडदे नकोत तर नकोत. माझ्या खोलीपुरतं तरी सांग. हा मोतिया कसा वाटतो?"

त्यांना वाटलं होतं, तो हसेल. म्हणेल, आई, डोळे तपास, हा पिस्ता आहे. दोन क्षण का होईना, जुना थोरला दुकानातून उठून घरात येईल.

थोरल्याने तुकडा घेतला. अंगठा आणि बोट यांमध्ये चोळला. खिडकीकडे धरला, मान तिरकी केली, मग दुसऱ्या बाजूला तिरकी केली. आणि दुकानातल्या त्याच जाणत्या आवाजात म्हणाला, "छान आहे. मोतियाच, पण जरासा पिवळ्याकडे झुकलेला. तुझ्या खोलीत उठून दिसेल."

इंटिरियरवालीने तोंड उघडलं, तेवढ्यात सुनेचा हात तिच्या गुडघ्यावर पडला आणि ते मिटलं. बेबी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

मास्तरीणबाईंनी एकेकीकडे पाहिलं. तिघींपैकी एकीच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"हो," त्या म्हणाल्या. "मलाही तसंच वाटलं." त्यांनी तुकडा लेकाच्या हातातून काढून घेतला, घडी केली आणि पिशवीत ठेवला. घडी नीट बसेना, म्हणून पुन्हा केली. "जरा पाणी पिऊन येते. सूनबाई, चल, पेले कुठे ठेवलेयस दाखव. काही जागेवर ठेवलं नाहीस या घरात."

स्वयंपाकघराचं दार त्यांनी स्वतः लावलं.

"कधीपासून?"

"काय, आई?"

"काय म्हणून मला विचारू नकोस. पोराने हिरव्याला मोतिया म्हटलं."

सुनेने ओट्यावर दोन्ही हात टेकले. आज पहिल्यांदाच ती "बघू या" म्हणाली नाही.

"दोन वर्षं होतील. दोन्ही डोळ्यांत, अगदी मधोमध. कडेचं दिसतं, समोरचं पुसल्यासारखं होतं. डॉक्टर म्हणतात पूर्ण अंधार होणार नाही. पण अक्षरं, चेहरे, फिके रंग... ते जातायत. ठळक असेल ते दिसतं. काळ्याशेजारी पांढरं दिसतं. म्हणून चौकटी, म्हणून पायऱ्यांच्या पट्ट्या. गालिच्यात दोनदा पाय अडकला. आरशातल्या स्वतःलाच एकदा 'या, बसा' म्हणाले."

मास्तरीणबाईंना त्याची नजर आठवली. तो कानाकडे बघत नव्हता. कानाकडे बघितलं तरच त्याला आईचं तोंड दिसत होतं.

"आणि दुकान?"

"रंगाची शेड आता मशीन काढतं. कामगारांना माहीत आहे."

"कामगारांना माहीत आहे. त्या टेपवाल्या पोरीला माहीत आहे. आज बेबीला सांगितलंस. मी काय, वैरीण आहे?"

"त्यांनी बजावलं होतं. सगळ्यांना चालेल, आईला नको."

"का?"

सून ओट्यावरचा डाग पुसायला लागली.

"का, ते बोल. एवढं पचवलंयस तर हेही बाहेर काढ."

"बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा तुम्ही सगळं केलंत," सून हळूहळू म्हणाली. "चार वर्षं. एवढं आम्ही कुणी केलं नसतं. पण दारात कुणी आलं की तुम्ही सांगायचात, आमच्या घरात आता एक बाई आणि एक गाठोडं राहतं. लोक हसायचे. बाबा आत ऐकायचे. हेही ऐकायचे. डॉक्टरांकडून आलो त्या दिवशी हे एवढंच म्हणाले, मला आईच्या तोंडी गाठोडं व्हायचं नाही."

नळातून एक थेंब पडला, मग दुसरा. मास्तरीणबाईंना म्हणायचं होतं, मी दमले होते गं. म्हणायचं होतं, हसले नसते तर रडले असते. दोन्ही खरं होतं. पण गाठोडं म्हटलं होतं हेही खरंच होतं, आणि लोक हसल्यावर पुढच्या माणसाला मीठमसाला लावून पुन्हा सांगितलं होतं. आतल्या खोलीचं दार तेव्हा उघडंच असायचं.

त्यांनी पेला भरला आणि न पिता ठेवून दिला.

"दुसऱ्या पुठ्ठ्यावरचा तो सोफा," त्या म्हणाल्या. "कुठल्या रंगाचा आहे?"

"फिकट राखाडी."

"पांढऱ्या भिंतीपुढे फिकट राखाडी? आणि तू म्हणे दोन वर्षं विचार केलास. हवेत बसेल तो, आपटेल कुठेतरी. मी साठीनंतर पांढऱ्या कापडावर काळा धावदोरा घालायची आणि काळ्यावर पांढरा, त्याशिवाय मला टीप सापडायची नाही. हे त्या पोरीला कॉलेजात शिकवलं नाही का?"

सून चकित होऊन बघत होती. "हे माझ्या लक्षातच आलं नाही."

"येईल कसं? विचारलंस कुणाला?" मग दाराच्या कडीवर हात ठेवून त्या थांबल्या. "आणि पेले. पांढरे पेले पांढऱ्या ओट्यावर. गडद घे. नाहीतर ओटा गडद कर."

"आई, त्यांना सांगणार का? की तुम्हाला कळलंय?"

"मला काय कळलंय? मी दुसरी शिकलेली बाई. मला तर अजून वाटतंय तुम्ही घर विकताय."

दिवाणखान्यात थोरला होता तिथेच बसला होता, चेहरा पावलांच्या आवाजाकडे वळवून. बेबीने आईकडे पाहिलं, आणि पाहिल्याबरोबर तिला कळलं. तिने हातातला रुमाल तोंडाशी नेला. मास्तरीणबाईंनी तिला डोळ्यांनीच दटावलं. मग त्या कोचावर बसल्या नाहीत. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये उभ्या राहिल्या आणि विटकरी भिंतीचा, मोतिया पडद्यांचा पहिला पुठ्ठा पायानेच बाजूला सारला.

"हा घेऊन जा," त्या इंटिरियरवालीला म्हणाल्या. "दुसरा राहू दे. सोफा गर्द निळा किंवा काळा. मला फिकं कापड मळलेलं बघवत नाही. आणि सगळं सामान एकदा ठरवून मांडायचं. त्यानंतर मला विचारल्याशिवाय या घरात एक स्टूलसुद्धा कुणी जागचं हलवायचं नाही. ज्याने हलवलं त्याची आणि माझी गाठ आहे."

"झालं," थोरला हसत म्हणाला. "आईचं राज्य परत आलं."

"गेलं होतं कधी?"

तो मोठ्याने हसला. खांदे सैल सोडून, पूर्वीसारखा. मास्तरीणबाई त्याच्याकडे जितकं बघता येईल तितकं बघत राहिल्या, आणि मग सुनेकडे वळल्या. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पुढे यावं की नाही हे न कळून.

"आणि तू, सूनबाई. इकडे ये, सगळ्यांसमोर सांगते. तू घुमी आहेस. तू हट्टी आहेस. घरातल्या मोठ्या माणसाला न विचारता तू घर उपसून काढलंस, ते मला आजही पटलेलं नाही आणि मरेपर्यंत पटणार नाही. तुला बघायला आलो होतो तेव्हा मी यांच्या वडिलांना म्हणाले होते, ही मुलगी नाजूक आहे, हिच्याने आमचं घर पेलवायचं नाही." त्यांनी श्वास घेतला. "चुकले होते मी. ऐकलंस ना? पुन्हा म्हणणार नाही."